पहिली परदेशी सागरसहल : पथ्य, पेटी आणि पुडी

खान्देशाला समुद्र नाही. आपली तापी सुरतेपलीकडे अरबी समुद्रास मिळते खरी. परंतु जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, शिरपूर या भागांतील बहुसंख्य कुटुंबांचा समुद्राशी परिचय मुंबईची चौपाटी आणि फार तर अलिबाग-गणपतीपुळ्याची एखादी सहल, इतकाच असतो. अलीकडच्या वर्षांत मात्र हे चित्र पालटू लागले आहे. केळी-कापसाचा हंगाम साधलेले शेतकरी, सराफ व व्यापारी, परदेशस्थ मुलांना भेटावयास जाणारे आईवडील, आणि कंपन्यांच्या विक्री-योजनेत सहलीचे बक्षीस पटकावणारे आपले औषधविक्रेते बंधू, असे अनेकजण थायलंड, बाली, मालदीव, दुबई, श्रीलंका, मॉरिशस अशा ठिकाणी पहिल्यानेच समुद्रकिनाऱ्याच्या सहलीस जात आहेत.

निघण्यापूर्वी आठवडाभर आधी यांतील बरेचजण आपल्या चिकित्सालयाची पायरी चढतात. "वैद्यराज, आठ-दहा दिवस बाहेर आहोत. पोटाचे, तापाचे, झोपेचे काहीतरी बांधून द्या," ही त्यांची मागणी असते. आपण नेहमीच्या सवयीने चार पुड्या बांधून देतो, त्यावर 'सकाळ-संध्याकाळ' असे लिहितो आणि प्रवासास शुभेच्छा देतो. आमच्या मते या सहलीतील सर्वांत मोठा धोका त्या चार पुड्यांतच दडलेला असू शकतो. लाटा, ऊन, परके अन्न या गोष्टी त्यानंतर येतात. म्हणून प्रस्तुत लेखात प्रथम औषधांच्या पेटीचा विचार करून मग पथ्यापथ्याकडे व समुद्राकडे वळत आहोत. हा विचार रुग्णांसाठी जितका आवश्यक, तितकाच स्वतः सहलीस निघालेल्या वैद्यांसाठी व औषधालयांच्या चालकांसाठीही आहे.

पुडी सीमा ओलांडते तेव्हा

भारतात भांगेच्या पानांना व बियांना एक वेगळे स्थान आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा व चरस निषिद्ध आहेत. परंतु शेंड्यांविरहित पाने आणि बिया गांजाच्या व्याख्येतून वगळलेल्या आहेत. त्यामुळे विजयायुक्त कल्प आपल्याकडे नियमांच्या चौकटीत तयार होतात व विकले जातात. हा भेद बहुतेक अन्य देशांचे कायदे मानीत नाहीत. तेथील विमानतळावरच्या अधिकाऱ्याच्या लेखी भांग, गांजा व चरस ही एकाच वनस्पतीची रूपे होत.

आता आपण प्रवाशाला काय देतो ते पाहू. अतिसार-ग्रहणीसाठी हाताशी असणारे जातीफलादि चूर्ण शास्त्रोक्त पाठानुसार भांगयुक्त आहे. अतिसाराचाच कर्पूर रस अहिफेनयुक्त आहे. झोपेसाठीचा निद्रोदय रस आणि वातव्याधीतील महावातराज रस यांतही अहिफेन आहे. मदनानंद मोदकात विजया आहे. म्हणजे ज्या तक्रारी प्रवासात हमखास उद्भवतात, पोट बिघडणे, झोप न लागणे, अंग दुखणे, नेमक्या त्यांवरच्या औषधांत परदेशी कायद्याला सर्वाधिक आक्षेपार्ह असणारी द्रव्ये आढळतात. काही उत्पादक यांतील काही कल्प भांगेविना तयार करतात. तेव्हा नावावर विसंबून न राहता वेष्टनावरील घटक वाचूनच निर्णय घ्यावा.

हा धोका काल्पनिक नाही, हे दाखविणाऱ्या दोन घटना नमूद करतो. २०१७ मध्ये इजिप्तमधील हुरघाडा या तांबड्या समुद्राकाठच्या पर्यटनस्थळी उतरलेल्या एका ब्रिटिश महिलेच्या सामानात ट्रामाडॉल या वेदनाशामकाच्या २९० गोळ्या सापडल्या. परिचिताच्या पाठदुखीसाठी आपण त्या आणल्या, असे तिचे म्हणणे होते. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. दुसरी घटना आपल्या राज्यातील. २०१९ मध्ये मुंबईचे एक दांपत्य सहलीसाठी दोहा येथे उतरले. नात्यातील व्यक्तीने सोबत दिलेल्या पाकिटात चरस निघाला आणि दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. पाकिटात काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, हे भारतातील तपासात पुढे आले. २०२१ मध्ये ते निर्दोष सुटून मायदेशी परतले. मधली वर्षे मात्र कारागृहात गेली.

दुसऱ्या घटनेतील बोध आपल्या व्यवसायाला थेट लागू पडतो. प्रवाशाने विश्वासाने घेतलेल्या वस्तूत काय आहे हे त्याला माहीत नसते. आपण बांधलेल्या पुडीत काय आहे, हेही रुग्णाला माहीत नसते. त्याच्या वतीने ते जाणून घेण्याची जबाबदारी आपलीच होय.

पेटीत काय नसावे

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील 'ई-१' ही अनुसूची आपणा सर्वांस परिचित आहे. अहिफेन, भांग, धत्तूर, वत्सनाभ, भल्लातक, विषमुष्टी, जयपाल, गुंजा, पारद, हिंगूळ, हरताळ, मनःशिला इत्यादी द्रव्ये तीत आहेत, आणि ती असणाऱ्या पोटात घेण्याच्या औषधांच्या वेष्टनावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना बंधनकारक आहे. परदेशी निघालेल्या प्रवाशासाठी आम्ही सोपा नियम सुचवितो : ही सूचना ज्या डबीवर आहे ती डबी घरी ठेवावी. या नियमाने संजीवनी वटी (भल्लातक व वत्सनाभ), त्रिभुवनकीर्ती व आनंदभैरव (हिंगूळ व वत्सनाभ) ही नेहमीच्या वापरातील औषधेही वगळली जातात. ती सदोष आहेत असा याचा अर्थ नाही. वैद्य जवळ नसताना व परक्या भूमीवर ती बाळगणे युक्त नाही, एवढाच अर्थ घ्यावा.

रसौषधींबाबत आणखी एक कारण आहे. २००४ च्या डिसेंबरात अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बोस्टन परिसरातील दुकानांत मिळणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा अथवा सोमल आढळल्याचे त्यात म्हटले होते. त्यानंतर आपल्या शासनाने निर्यात होणाऱ्या केवळ वनस्पतिजन्य औषधांसाठी १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची तपासणी अनिवार्य केली. शोधन-मारणाविषयीचा आपला पक्ष भक्कम असला तरी तो विमानतळाच्या तपासणी-मेजावर मांडता येत नाही. दीर्घकाळ रसौषधी चालू असणाऱ्या रुग्णास आठवडाभरासाठी वनस्पतिज कल्पांवर आणणे शक्य आहे काय, याचा विचार निघण्यापूर्वी पुरेसे दिवस हाती असतानाच करावा.

श्वासविकारात वापरल्या जाणाऱ्या सोमचूर्णात एफेड्रीन असते आणि त्यावर अनेक देशांत निर्बंध आहेत. तेही नेऊ नये. कस्तुरी व कुष्ठ ही द्रव्ये संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात येतात. तेव्हा ती असणारे कल्पही टाळावेत.

स्वयंपाकघरातील दोन वस्तूंचाही उल्लेख येथेच करावा लागेल. पहिली खसखस. अहिफेनाच्याच बोंडातील हे बी सिंगापूर व संयुक्त अरब अमिरातीत नेण्यास मनाई आहे. दिवाळीच्या सुटीत निघालेल्या कुटुंबाच्या फराळात अनारसे असतात, डिंकाचे लाडू असतात. दोहोंत खसखस असते. दुसरी वस्तू विडा. अमिरातीत खाण्याचे पान व सुपारी नेता येत नाही. मुखशुद्धीसाठी बडीशेप वा लवंग पुरेशी आहे.

पेटीत काय असावे

प्रवासाची पेटी जितकी लहान तितकी उत्तम. आठ-दहा दिवसांच्या सहलीस पुढील औषधे पुरतात, असे आमचे मत आहे.

१) प्रवासातील मळमळीसाठी सुंठीच्या गोळ्या वा आलेपाक.

२) अपचन-आध्मानासाठी हिंग्वाष्टक चूर्णाच्या गोळ्या, अम्लपित्ताची प्रवृत्ती असल्यास अविपत्तिकर चूर्ण.

३) पातळ जुलाबांसाठी बिल्व-कुटजयुक्त, भांग व अहिफेनविरहित वटी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनविलेल्या क्षार-शर्करा चूर्णाची पाच-सहा पाकिटे. जुलाबांत शरीरातील जलांश राखणे ही पहिली चिकित्सा होय.

४) मलावरोधासाठी त्रिफळ्याच्या गोळ्या. स्थलांतरात अतिसाराइतकीच ही तक्रार आढळते.

५) उन्हाने पोळलेल्या त्वचेसाठी कोरफडीचा गर अथवा शतधौत घृत, लहान नळीत.

६) मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची चालू असलेली आधुनिक औषधे, सहलीच्या दिवसांहून चार-पाच दिवस अधिक पुरतील इतकी. ही औषधे हाताशी असलेल्या पिशवीतच ठेवावीत. मोठे सामान उशिरा येण्याचे प्रसंग घडतात.

सहाव्या बाबीत औषधविक्रेत्यांनी विशेष दक्ष राहावे. ट्रामाडॉल, कोडीनयुक्त खोकल्याची औषधे, अल्प्राझोलाम यांसारख्या झोपेच्या व चिंताशामक गोळ्या अमिरातीत नियंत्रित आहेत. त्या नेण्यास तेथील शासनाची पूर्वपरवानगी लागते. शेजाऱ्याने किंवा व्याह्यांनी दुबईतील मुलासाठी दिलेले औषधाचे पाकीट, ते कितीही निरुपद्रवी वाटो, सोबत नेऊ नये, हेही प्रवाशास आवर्जून सांगावे.

बांधणी, पत्र आणि प्रमाण

सुट्या पुड्या, हस्तलिखित चिठ्ठीच्या डब्या, घरी कुटलेली चूर्णे ही देशाबाहेर पाठवू नयेत. उत्पादकाच्या मूळ, न फोडलेल्या वेष्टनात असलेले, घटक, परवाना क्रमांक व मुदत छापलेले औषधच द्यावे. चूर्णापेक्षा गोळी बरी. पांढऱ्या वा तपकिरी भुकटीची पिशवी कोणत्याही तपासनिसाचे लक्ष वेधून घेते. प्रमाण सहलीच्या दिवसांपुरतेच असावे. एकाच औषधाच्या दहा डब्या व्यापाराचा संशय निर्माण करतात.

सोबत आपल्या छापील पत्रशीर्षावर इंग्रजीत लिहिलेले पत्र द्यावे. त्यात रुग्णाचे पारपत्रावरील नाव, व्याधी, औषधाचे नाव, मुख्य घटकांची वनस्पतिशास्त्रीय नावे, मात्रा, कालावधी आणि आपला नोंदणी क्रमांक असावा. हे पत्र निषिद्ध द्रव्याला मात्र संरक्षण देत नाही, हे विसरू नये.

विमानातील द्रवपदार्थांचा नियम पुष्कळांना ऐनवेळी कळतो. हातातील पिशवीत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली चालत नाही. तेल, तूप, च्यवनप्राशासारखे अवलेह, मलमे ही सारी द्रवांतच गणली जातात. आसव-अरिष्टांची गोष्ट आणखी निराळी आहे. त्यांत स्वयंजात मद्यांश असतो आणि मालदीवमध्ये पर्यटकास कोणतेही मद्य नेता येत नाही. म्हणून तेथे जाणाऱ्याने दशमूलारिष्ट वा द्राक्षासवही घरी ठेवणे शहाणपणाचे. कापूर ज्वालाग्राही असल्याने तो हातातील वा मोठ्या, कोणत्याही सामानात नेता येत नाही. मालदीवमध्ये पूजेच्या मूर्ती नेण्यासही मनाई आहे. सामानात गणपतीची लहान मूर्ती ठेवण्याची पद्धत अनेक घरांत असते. तेथे जाणाऱ्यांनी ती देव्हाऱ्यातच राहू द्यावी.

थायलंडने २०२२ मध्ये गांजावरील निर्बंध उठविले आणि २०२५ मध्ये पुन्हा आवळले. या बातम्यांवरून 'तेथे सारे चालते' असा समज पसरला आहे. सीमेपलीकडे असे पदार्थ नेणे वा आणणे हा त्या काळातही गुन्हाच होता. इंडोनेशिया व सिंगापूर येथील शिक्षा तर अत्यंत कठोर आहेत. प्रवेशपत्राचे व औषधांचे नियम वारंवार बदलतात. म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी त्या देशाच्या दूतावासाची अधिकृत माहिती पाहून घ्यावी. पारपत्राची मुदत परतीच्या दिवसानंतर किमान सहा महिने शिल्लक असावी.

जांगल देशातून आनूप देशात

कल्पस्थानात चरकाचार्यांनी देशाचे जांगल, आनूप व साधारण असे तीन भेद वर्णिले आहेत. जांगल देश वातपित्तबहुल, तर आनूप देश वातकफबहुल सांगितला आहे. उष्ण व कोरड्या हवेत वाढलेला आपला खान्देशी प्रवासी एका रात्रीत आर्द्र, सागरतीरस्थ आनूप देशात उतरतो. "मे महिन्यात आम्ही पंचेचाळीस अंश सोसतो, आम्हांला उन्हाचे काय!" असे तो म्हणतो. कोरड्या हवेत घाम वाळतो व शरीर निवते. दमट हवेत तो वाळत नाही. त्यामुळे पस्तीस अंशांतही थकवा, शिरःशूल, ग्लानी येते. पहिले दोन दिवस लघु आहार, पुरेसे पाणी व दुपारची विश्रांती ठेवावी; सहलीचा भरगच्च कार्यक्रम तिसऱ्या दिवसापासून आखावा.

सिद्धिस्थानात शोधनानंतर टाळावयाच्या आठ महादोषकर भावांत रथक्षोभाचा समावेश आहे. वेळीअवेळी खाणे, दिवास्वाप, फार काळ बसून राहणे हेही त्याच यादीत आहेत. जळगावहून रेल्वेने रात्रभर मुंबई, तेथून पहाटेचे विमान, हा प्रवास म्हणजे या साऱ्या भावांचा समुच्चयच होय. म्हणून वमन-विरेचनानंतर संसर्जनक्रम पूर्ण होऊन बल येईपर्यंत सहलीस अनुमती देऊ नये.

एका द्रव्याविषयी स्वतंत्र इशारा आवश्यक आहे. श्वित्राच्या रुग्णांत आपण बाकुची पोटातून वा लेपरूपाने वापरतो. तीतील सोरालेन त्वचेस सूर्यकिरणांप्रत अतिसंवेदनशील करते. चिकित्सालयात आपण मोजकी मिनिटे ऊन देतो. समुद्रकिनारी रुग्ण तासन् तास उघड्यावर असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परावर्तित करतो. अर्धा मीटर खोल पाण्यातही पृष्ठभागाच्या ४० टक्के किरण पोहोचतात. अशा ठिकाणी बाकुची घेणाऱ्या रुग्णाची त्वचा फोड येईपर्यंत भाजू शकते. निघण्यापूर्वी काही दिवस व तेथील वास्तव्यात बाकुचीचे सर्व कल्प थांबवावेत आणि रुग्णास त्याचे कारण स्पष्ट सांगावे. इतरांनीही सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत अंगभर सुती वस्त्र, रुंद काठाची टोपी व सूर्यरक्षक मलम यांचा आश्रय घ्यावा.

कोणता समुद्र, कोणत्या ऋतूत

आपल्याकडील सुट्या उन्हाळ्याच्या व दिवाळीच्या. समुद्राचे ऋतू त्यानुसार चालत नाहीत. थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे फुकेत-क्राबीकडे, साधारण मे ते ऑक्टोबर पावसाळा व खवळलेला समुद्र असतो. पूर्वेकडील सामुई बेटावर मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो. श्रीलंकेचा नैर्ऋत्य किनारा डिसेंबर ते मार्च या काळात चांगला, तर त्रिंकोमालीकडील पूर्व किनारा मे ते सप्टेंबरात. बालीत एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा काळ असतो. दुबईत उन्हाळ्यात जाणे म्हणजे भुसावळच्या उन्हातून त्याहून दमट उन्हात जाणे होय. तेथे नोव्हेंबर ते मार्च हाच काळ सुखावह. ऋतू न पाहता केवळ स्वस्त दर पाहून सहल ठरविणाऱ्याच्या पदरी अनेकदा लाल निशाण व खोलीतील बैठक येते.

पाण्यात उतरताना

विहिरीत व तापी-गिरणेच्या डोहात पोहलेल्या माणसास समुद्र सोपा वाटतो. नदीचा ओघ एका दिशेने वाहतो आणि तो डोळ्यांना दिसतो. समुद्रकिनारी लाटांनी आत आणलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने परत समुद्राकडे ओढले जाते. हा परतीचा प्रवाह वरून पाहता शांत दिसतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधला भाग सपाट असतो. नवखा मनुष्य नेमका तो सपाट भाग सुरक्षित समजून तेथे उतरतो. ओढ लागल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. त्यात उत्तम पोहणाराही थकतो. शरीर तरंगत ठेवावे, हात उंचावून मदत मागावी, आणि शक्य असल्यास किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या पट्ट्याबाहेर पडून मग बाहेर यावे. जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर, निशाणांनी आखलेल्या हद्दीतच उतरावे. लाल निशाण असताना गुडघाभर पाण्यातही जाऊ नये. मद्यपानानंतर, भरपेट जेवणानंतर व सूर्यास्तानंतर स्नान वर्ज्य समजावे.

जेलीफिशचा दंश झाल्यास चोळणे, वाळू घासणे वा गोडे पाणी ओतणे टाळावे. थायलंडच्या काही किनाऱ्यांवर सिरक्याच्या बाटल्या खांबाला लावून ठेवलेल्या असतात. पेटीसारख्या आकाराच्या घातक जेलीफिशच्या दंशावर सिरका ओतल्याने त्वचेवर राहिलेल्या विषपेशी निष्क्रिय होतात. वेदना त्याने शमत नाही. श्वासास त्रास, छातीत दुखणे वा मूर्च्छा असल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. येथे लेप-काढ्यांत वेळ दवडू नये. श्वासनळकांडे लावून खोल बुडी मारण्याचा कार्यक्रम असल्यास त्यानंतर विमानप्रवासापर्यंत किमान २४ तासांचे अंतर ठेवावे, आणि सर्दी वा कर्णशूल असता बुडी मारूच नये. प्रवास विमा घेताना त्यात जलक्रीडा समाविष्ट आहे काय, हे वाचून पाहावे.

ताटातले पथ्य

आपल्या भागातील शाकाहारी कुटुंबांची आहारात फार फसगत होते. थायलंडमध्ये भाजीतही माशांचे पातळ कालवण घालतात. 'जे' असा शब्द उच्चारल्यास पूर्ण शाकाहारी पदार्थ मिळतो. श्रीलंकेतील नारळाच्या संबोलात सुक्या माशांचा चुरा असू शकतो. बालीतील चटणीत कोळंबीची पेस्ट असते. आधी विचारून घ्यावे. घरून खाकरे, भाजलेले शेंगदाणे, दशम्या असे कोरडे पदार्थ दोन दिवसांपुरते न्यावेत. ताजी फळे, भाज्या, बिया, मुळे, रोपे नेऊ नयेत. जळगावच्या केळ्याचा अभिमान बाळगावा, परंतु घड घरीच ठेवावा.

मत्स्याहार करणाऱ्यांनी मासे व दूध एकत्र घेऊ नयेत, हे विरुद्धाहाराचे सूत्र येथेही पाळावे. पाणी बंद बाटलीतले; बर्फ व कापून ठेवलेली फळे टाळावीत. शहाळे समोर फोडून घेतलेले उत्तम.

वैद्य जेव्हा स्वतः प्रवासी असतो

आपल्या सभासदांसाठी एक सूचना. हॉटेलात ओळख निघते, 'डॉक्टर' कळताच कोणीतरी हात पुढे करतो आणि आपण नाडी पाहू लागतो. पर्यटक म्हणून प्रवेश मिळालेल्या व्यक्तीस परदेशात चिकित्सा करण्याचा अधिकार नसतो. सल्ला विचारणाऱ्यास स्थानिक चिकित्सकाकडे जाण्यास सांगावे.

पाहण्याजोगे मात्र पुष्कळ आहे. श्रीलंकेत आयुर्वेदासाठी १९६१ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि बेरुवेला-बेंतोटा किनाऱ्यावर आयुर्वेदीय निवासस्थाने आहेत. तेथील आहार-विहाराची मांडणी आपल्यातील पंचकर्म करणाऱ्यांनी अवश्य पाहावी. मॉरिशसने १९८९ मध्ये आयुर्वेद व पारंपरिक औषधांविषयी कायदा केला. तेथे कोकणातून गेलेल्या मजुरांच्या वंशजांचा मराठी समाज आहे, गणेश चतुर्थीस सार्वजनिक सुटी असते आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे अध्यापन चालते. पहिल्यानेच परदेशी जाणाऱ्या मराठी कुटुंबास याहून आपलेपणाचा समुद्रकिनारा क्वचितच लाभेल.

परतताना शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नयेत. आपण त्यांकडे भस्माच्या दृष्टीने पाहतो. कायदा त्यांकडे संरक्षित जीव म्हणून पाहतो. मालदीवमधून प्रवाळ बाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. तेथील घटक न छापलेली 'वनौषधी' तेले वा गोळ्या आणून आपल्या दुकानात मांडण्याचा मोहही टाळावा.

आपल्या हातातील काम

हे सारे रुग्णास तोंडी सांगून लक्षात राहणार नाही. म्हणून प्रत्येक चिकित्सालयाने व औषधालयाने एक छापील पत्रक तयार ठेवावे, अशी आमची विनंती आहे. त्यात चार प्रश्न असावेत : कोणत्या देशात जाणार? सध्या कोणती औषधे चालू आहेत? त्यांत बाकुची, अहिफेन, विजया वा रसद्रव्य आहे काय? कोणाचे पाकीट सोबत नेत आहात काय? मागील बाजूस वरील पेटीची यादी, समुद्रातील सूचना व त्या देशातील भारतीय दूतावासाचा क्रमांक लिहिण्यास मोकळी जागा ठेवावी. परदेशी अडचणीत सापडलेल्या भारतीयांसाठी परराष्ट्र मंत्रालयाची 'मदद' ही संगणकीय सेवा आहे, याचीही नोंद त्यावर असावी.

औषधविक्रेत्यांनी जातीफलादि चूर्णाची डबी देताना "बाहेरदेशी नेणार नाही ना?" एवढे विचारण्याची सवय लावून घ्यावी. या एका प्रश्नाने एखाद्या कुटुंबाची सहल, आणि कदाचित त्यापुढची काही वर्षे, वाचू शकतात. आपल्या शास्त्राची परदेशातील प्रतिष्ठा परिषदांतील भाषणांइतकीच अशा साध्या प्रवाशांच्या पेट्यांवरही अवलंबून असते. दिवाळीच्या सुटीपूर्वी हे पत्रक आपापल्या मेजावर तयार असावे, ही अपेक्षा.